एफ-150 लायटनिंगवरून घराला बॅकअप: इंटरलॉक लावला की ट्रकचं आउटलेट ट्रिप होतं, त्यावर नीट उपाय कोणता?

केटीवासी

ह्यूस्टनजवळ केटीत घर आहे, 2006 चं बांधकाम, दुमजली. बाहेरच्या भिंतीवर मीटर आणि 200 अँपिअरचा मेन ब्रेकर, सगळ्या सर्किटांचं पॅनेल गॅरेजमध्ये. फर्नेस, पाणी तापवायची टाकी आणि शेगडी गॅसवर. वरच्या मजल्याला अडीच टनांचा आणि खालच्या मजल्याला चार टनांचा सेंट्रल एसी. ड्रायर विजेवर.

गाडी फोर्ड एफ-150 लायटनिंग, म्हणजे विजेवरचा पिकअप ट्रक, मोठ्या बॅटरीची (131 किलोवॅट-तास), 9.6 किलोवॅटचं प्रो पॉवर ऑनबोर्ड (ट्रकच्या आउटलेटांतून बाहेर वीज देणारी सोय) असलेली. गाडीबरोबर आलेलं चार्ज स्टेशन प्रो (फोर्डचा भिंतीवरचा चार्जर) गॅरेजात बसवलेलं आहे. छतावर सोलर आहे, पण त्याला बॅटरी नाही.

2024 च्या बेरिलसारखं वादळ आलं तर निदान फ्रिज, डीप फ्रीझर, दिवे, वायफाय आणि वरच्या मजल्याचा एसी चालावा, एवढी अपेक्षा आहे. प्रश्न असे:

1. होम इंटिग्रेशन सिस्टिम (वीज गेली की ट्रकच्या बॅटरीवर आपोआप घर चालवणारी यंत्रणा) घ्यावी, की बेडमधल्या, म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्यातल्या, 240 व्होल्टच्या आउटलेटवरून केबल आणून पॅनेलला इंटरलॉक (मेन आणि ट्रकचा ब्रेकर एकाच वेळी चालू होऊ न देणारी पट्टी) लावला तरी पुरेल?
2. इंटरलॉकवर घर जोडलं की ट्रकचं आउटलेट लगेच ट्रिप होतं, असं ऐकलं आहे. ते का होतं आणि योग्य उपाय काय?
3. 131 किलोवॅट-तासांवर किती दिवस निघतील?

काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेणार आहे. त्याला नेमकं काय सांगायचं, ते हवं आहे.

---

रोहित्र

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर कळलं की पहिल्याचं अर्धं सुटतं.

बेडमधलं 240 व्होल्टचं आउटलेट चार तारांचं आहे, एल14-30: दोन लाइन (प्रत्येकी 120 व्होल्टची), एक न्यूट्रल, एक ग्राउंड (अर्थिंग). ट्रकच्या आत न्यूट्रल आणि ग्राउंड एकमेकांना जोडलेले आहेत आणि आउटलेटवर ग्राउंड फॉल्ट पकडणारं संरक्षण आहे. लाइनमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत साधारण 5 मिलिअँपिअरचा फरक दिसला की ते आउटलेट बंद करतं.

तुमच्या घरातही मीटरजवळच्या मेन ब्रेकरपाशी न्यूट्रल आणि ग्राउंड जोडलेले आहेत. कोडप्रमाणे, म्हणजे वायरिंगच्या नियमांप्रमाणे, ते तसेच असायला हवेत. इंटरलॉक फक्त दोन लाइन तोडतो, न्यूट्रल कायम जोडलेलाच राहतो. म्हणजे ट्रक लावल्यावर न्यूट्रल आणि ग्राउंड दोन ठिकाणी जोडले जातात, एकदा ट्रकमध्ये, एकदा घरात. परतीच्या करंटला दोन वाटा मिळतात आणि त्यातला काही भाग केबलच्या ग्राउंडच्या तारेतून जातो. 5 मिलिअँपिअरची मर्यादा ओलांडायला एक दिवा पुरतो. आउटलेट बिघडलेलं नसतं, ते त्याचं काम चोख करत असतं.

तुमचं सर्किटांचं पॅनेल गॅरेजमध्ये आहे आणि तिथे न्यूट्रल व ग्राउंडच्या पट्ट्या वेगळ्या असतील. त्यामुळे कोणी म्हणेल की इथे जोडणी नाही, मग अडचण नाही. तसं नाही. गॅरेजातली न्यूट्रलची पट्टी फीडरमधून (मेन ब्रेकरकडून पॅनेलकडे येणाऱ्या तारांमधून) बाहेरच्या जोडणीपर्यंत गेलेलीच आहे. ट्रिप होणारच.

उपाय एकच: ट्रकवर जाताना न्यूट्रलही बदलला पाहिजे. पुण्या-मुंबईत सोसायटीच्या जनरेटरचा चेंजओव्हर पाहिला असेल, तर तो चार पोलचा असतो, तीन फेज आणि चौथा न्यूट्रल. इथे दोन लाइन आणि न्यूट्रल, म्हणून तीन पोलचा ट्रान्सफर स्विच लागतो. ग्राउंड कधीच तोडायचा नाही, तो सगळीकडे अखंड राहतो. मग ट्रक हा कोडच्या भाषेत स्वतंत्र उगम असलेला पुरवठा ठरतो, न्यूट्रल-ग्राउंडची त्याची जोडणी ट्रकमधलीच राहते आणि संरक्षणही शाबूत राहतं.

केबलमधली ग्राउंडची तार कापून टाका, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसेल. ट्रिप होणं थांबतं हे खरं, पण कृपया हे करू नका. मग फॉल्टचा करंट परत नेण्याचं कामही एकट्या न्यूट्रलवर येतं. प्लगमध्ये न्यूट्रलचा एक स्क्रू सैल झाला, तर घराच्या ग्राउंडला जोडलेल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर व्होल्टेज येऊ शकतं आणि ते जायला वाट उरत नाही. शिवाय ती कापलेली केबल दोन वर्षांनी कोणीतरी उचलतं आणि ओल्या अंगणात यंत्र चालवायला लावतं.

इलेक्ट्रिशियनला हे सांगा:

गॅरेजातल्या पॅनेलशेजारी आठ ते बारा सर्किटांचं एक छोटं पॅनेल. त्यातला न्यूट्रल-ग्राउंड जोडणारा हिरवा स्क्रू काढलेला, न्यूट्रलची पट्टी पूर्ण वेगळी. त्याच्या आधी तीन पोलचा, मध्ये 'बंद' असलेला हाताने फिरवायचा ट्रान्सफर स्विच, 60 अँपिअरचा. स्विचच्या एका बाजूला मोठ्या पॅनेलमधल्या 60 अँपिअरच्या दोन पोल ब्रेकरवरून 6 गेजच्या तांब्याच्या तारा. दुसऱ्या बाजूला बाहेरच्या भिंतीवरची एल14-30 ची इनलेट पेटी, तिथून 10 गेजच्या चार तारा, मध्ये 30 अँपिअरचा दोन पोल ब्रेकर. ट्रकपासून इनलेटपर्यंतची केबल 10 गेज, चार तारांची, जाड रबरी आवरणाची. 30 फूट केबलमध्ये 24 अँपिअरला दीड व्होल्टही पडत नाही. 75 फूट असली तरी साडेतीन-चार व्होल्ट. त्यामुळे लांबीची काळजी नको, तार मात्र याहून बारीक घेऊ नका.

तरीही कोणी इंटरलॉकच लावायला निघालाच, तर दोन गोष्टी तपासा. इंटरलॉकची पट्टी त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलच्या पॅनेलसाठी बनवलेली हवी, आणि उलटा पुरवठा घेणारा ब्रेकर वेगळ्या पट्टीने जागेवर पक्का केलेला हवा. नुसता खटकन बसवलेला ब्रेकर निसटला तर त्याच्या उघड्या टोकांवर वीज असते.

---

शीतल_छाया

एसीबद्दल लिहिते, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात.

9.6 किलोवॅट हा आकडा बेडच्या एका आउटलेटचा नाही. त्यातले 2.4 किलोवॅट पुढच्या बॉनेटखालच्या 120 व्होल्टच्या चार आउटलेटांना राखून ठेवलेले आहेत. बेड आणि केबिन मिळून 7.2. म्हणजे केबलवरून घराला प्रत्येक लाइनवर 30 अँपिअर, आणि तासन्‌तास चालणाऱ्या लोडसाठी 80 टक्के धरायचे, म्हणजे 24. हिशेब 5.7 किलोवॅटचा करा, 9.6 चा नको.

हे 30 अँपिअर प्रत्येक लाइनवर वेगळे मोजायचे असतात. फ्रिज, फ्रीझर, मायक्रोवेव्ह आणि मिक्सर सगळे एकाच लाइनवर आले, तर एकूण लोड निम्माही नसताना ब्रेकर उडेल. छोट्या पॅनेलमध्ये सर्किटं लावतानाच मायक्रोवेव्ह एका लाइनवर आणि फ्रिज-फ्रीझर दुसऱ्या लाइनवर ठेवा.

आता अडीच टनांचा एसी. चालू झाल्यावर तो 10 ते 13 अँपिअर घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी पाच-सहा पट ओढतो. बाहेरच्या युनिटच्या पाटीवर 'एलआरए' (सुरू होण्याच्या क्षणीचा करंट) हा आकडा बघा. या आकाराला तो 65-70 च्या आसपास असतो. ग्रिडला याचं काही वाटत नाही, इन्व्हर्टरला मात्र ते झेपत नाही: व्होल्टेज खाली बसतं, कॉम्प्रेसर गुरगुरतो, सुरू होत नाही, आणि ट्रक पुरवठा तोडतो. सॉफ्ट स्टार्टर लावला की सुरुवातीचा करंट 60 ते 70 टक्के उतरतो, म्हणजे 20 ते 28 अँपिअरवर येतो. हे जमण्यासारखं आहे. तरी एसी आधी सुरू करा, तो स्थिरावला की बाकीचं लोड घाला. सॉफ्ट स्टार्टर सुरुवातीच्या काही फेऱ्यांत मोटर ओळखतो, त्या फेऱ्या घरच्या नेहमीच्या विजेवर आधीच करून घ्या. चार टनांचं युनिट या आउटलेटवर चालवायचा विचार सोडून द्या.

एक गोष्ट हमखास राहून जाते. तुमच्याकडे फर्नेस गॅसवर आहे, म्हणजे थंड हवा फेकणारा पंखा फर्नेसमध्येच आहे आणि तो 120 व्होल्टच्या वेगळ्या सर्किटवर आहे. थर्मोस्टॅटला 24 व्होल्ट देणारा छोटा ट्रान्सफॉर्मरही तिथेच. बाहेरच्या युनिटचं 240 व्होल्टचं सर्किट तेवढं छोट्या पॅनेलमध्ये नेलं आणि फर्नेसचं विसरलं, तर थर्मोस्टॅटच बंद राहील आणि एसी काही केल्या सुरू होणार नाही. दोन्ही न्यायला हवीत. थंडीतही हेच सर्किट कामाला येतं. फेब्रुवारी 2021 सारखी थंडी पडली तर गॅस फर्नेसला लागते ती फक्त पंख्याची आणि प्रज्वलनाची वीज, 500-700 वॅट. तेवढ्यावर अख्खं घर उबदार राहतं.

किती दिवस? वरचा एसी जुलैत 60 टक्के वेळ चालतो असं धरलं, तर दिवसाला 40 किलोवॅट-तास. फ्रिज, फ्रीझर, दिवे, पंखे, वायफाय मिळून 6-7. ट्रक 100 वरून 20 टक्क्यांवर आणायचा म्हटलं तर हाताशी 105. म्हणजे जेमतेम सव्वादोन दिवस. तेच एका बेडरूममध्ये 12,000 बीटीयूचा (एक टनाचा) इन्व्हर्टर स्प्लिट बसवून सगळे तिथेच झोपले, तर तो दिवसाला 8-9 घेतो आणि मुक्काम सहा दिवसांवर जातो. सेंट्रल एसीचे लाड करण्यापेक्षा हा स्प्लिट लावणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्याला सॉफ्ट स्टार्टरही लागत नाही.

---

केटीवासी

खूप उपयोगी पडलं. दोन शंका राहिल्या. छोट्या पॅनेलमध्ये हलवायची सर्किटं निवडताना आणखी कशाकडे बघायचं? आणि होम इंटिग्रेशन सिस्टिम घेतली तर ही न्यूट्रलची भानगडच राहत नाही, हे बरोबर का?

---

रोहित्र

सर्किटं निवडताना सामाईक न्यूट्रल शोधा. काही ठिकाणी एकाच केबलमधून काळी आणि लाल अशा दोन लाइन आणि दोघींना मिळून एकच पांढरी न्यूट्रल नेलेली असते, स्वयंपाकघरात विशेषतः. काळी छोट्या पॅनेलमध्ये नेली आणि लाल मोठ्यात ठेवली, तर परतीचा करंट चुकीच्या पट्टीवर जातो आणि ट्रक पुन्हा ट्रिप. अशा दोन्ही लाइन आणि त्यांचा न्यूट्रल एकत्रच हलले पाहिजेत, दोन पोलच्या एका ब्रेकरवर. 2008 च्या कोडपासून असे ब्रेकर एकत्रच बंद होण्याजोगे असणं सक्तीचं झालं. तुमचं घर त्याआधीचं आहे, म्हणून ब्रेकरचे दांडे जोडलेले नाहीत यावरून निष्कर्ष काढू नका. पॅनेलचं झाकण उघडून लाल तार बघा.

दुसरं, हलवलेल्या प्रत्येक सर्किटचा पांढरा न्यूट्रल छोट्या पॅनेलच्या पट्टीवर गेलाच पाहिजे. लाइन हलवली आणि न्यूट्रल जुन्या जागी राहिला, ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक.

तिसरं, घरात कुठेतरी एखाद्या सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि ग्राउंड टेकलेले असतात. ग्रिडवर वर्षानुवर्षं कळत नाही, ट्रकवर पहिल्या मिनिटाला कळतं.

म्हणून चाचणी कोरड्या दिवशी, उजेडात, अशी करा. छोट्या पॅनेलमधले सगळे ब्रेकर बंद. ट्रान्सफर स्विच मध्ये, 'बंद'वर. केबल आधी इनलेटला, मग ट्रकला. पिळून बसणारा प्लग शेवटपर्यंत फिरवा. अर्धवट फिरलेला प्लग सुरुवातीला चालतो आणि तासाभरात तापतो. ट्रकच्या स्क्रीनवर प्रो पॉवर सुरू करा. स्विचवर मीटर लावून दोन लाइनमध्ये 240 आणि प्रत्येक लाइन ते न्यूट्रल 120 आहे का ते बघा. एक 150 आणि दुसरी 90 अशी दिसली तर तिथेच थांबा: न्यूट्रल तुटलेला आहे आणि जास्त व्होल्टेजच्या बाजूची उपकरणं जळतील. सगळं ठीक असेल तर स्विच ट्रककडे फिरवा आणि एकेक ब्रेकर चढवा, प्रत्येकानंतर अर्धा मिनिट थांबा.

एकही ब्रेकर न चढवता ट्रिप झालं, तर छोट्या पॅनेलचा हिरवा स्क्रू राहिला आहे किंवा स्विच न्यूट्रल तोडत नाही. ठरावीक ब्रेकरला ट्रिप झालं, तर त्या सर्किटमध्ये सामाईक न्यूट्रल किंवा टेकलेली तार. अर्ध्या तासाने ट्रिप झालं, तर प्लगमध्ये पाणी किंवा गरम झालेला जोड. कारण सापडल्यावरच स्क्रीनवरून रीसेट करा.

परत ग्रिडवर जाताना उलटा क्रम: ब्रेकर बंद, स्विच मध्ये, प्रो पॉवर बंद, केबल काढा, मग स्विच ग्रिडकडे.

सोलरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायलाच हवं. सोलरचा ब्रेकर मोठ्या पॅनेलमध्येच राहू द्या, छोट्यात कधीही नाही. ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर 240 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ दिसले की त्यांनाच ग्रिड समजून वीज ढकलायला लागतो. जास्तीची वीज ट्रकच्या इन्व्हर्टरमध्ये उलटी शिरली, तर तो खराब होऊ शकतो. अख्खं पॅनेल इंटरलॉकवर चालवणाऱ्याने तर सोलरचा आणि चार्जरचा, दोन्ही ब्रेकर आधी उतरवायला हवेत. नाहीतर ट्रक स्वतःलाच चार्ज करायला बघतो.

---

सावंतवाडी_ऑस्टिन

होम इंटिग्रेशनबद्दल: हो, तिथे हा प्रश्न येत नाही, कारण बेडचं आउटलेट वापरातच नसतं. ट्रकच्या चार्जिंग पोर्टच्या खालच्या दोन जाड पिनांमधून डीसी वीज चार्ज स्टेशन प्रोमार्गे भिंतीवरच्या इन्व्हर्टरकडे येते आणि घराला लागणारी एसी वीज तिथे बनते. सोबत मेनच्या वाटेवर बसणारी एक स्विचची पेटी असते, ग्रिड गेली की ती घराला ग्रिडपासून तोडते. आणि एक छोटी बॅटरी, अंधारात यंत्रणा जागी करण्यापुरती. ती मेली असेल तर ट्रकमध्ये 100 किलोवॅट-तास असूनही घर अंधारात राहतं, म्हणून वादळाच्या मोसमाआधी मेन ब्रेकर उतरवून एकदा खरी चाचणी घ्याच.

फायदा: वीज गेल्यावर आपोआप सुरू होतं, पावसात केबल ओढायला कोणी जात नाही, आणि पूर्ण 9.6 किलोवॅट मिळतात. तोटा: अख्खं घर त्यावर असतं. ड्रायर, चार टनांचा एसी आणि ओव्हन एकदम लागले की सगळंच बंद पडतं. म्हणून मोठ्या लोडच्या ब्रेकरांवर लाल चिकटपट्टी लावा आणि वीज गेली की ते आधी उतरवायचे, हे घरातल्या सगळ्यांना शिकवा.

खर्चाचं: सुरुवातीला यंत्रणेची जाहीर किंमत 3,895 डॉलर होती, बसवण्याचा खर्च वेगळा, आणि मीटर बाहेर व पॅनेल आत असलेल्या घरात तो मूळ किमतीला सहज मागे टाकू शकतो. चार्ज स्टेशन प्रो पूर्ण 80 अँपिअरवर चालवायचं तर त्याला 100 अँपिअरचं सर्किट लागतं, त्यामुळे 200 च्या पॅनेलवर लोडचा हिशेब लेखी मागा.

तुमच्या यादीत फ्रिज, दिवे आणि एक एसी एवढंच आहे. तेवढ्यासाठी तीन पोलचा स्विच आणि छोटं पॅनेल मला उजवं वाटतं. शिवाय उद्या ट्रक बदलला तरी ते कामाला येतं. इनलेटला ट्रक कुठल्या कंपनीचा आहे याच्याशी देणंघेणं नसतं, होम इंटिग्रेशन मात्र याच गाडीला बांधलेलं.

वादळाची सूचना आली की ट्रक 100 टक्के भरून ठेवा. नंतर वीज असलेल्या भागात जाऊन 15 वरून 80 टक्के करायला जलद चार्जरवर साधारण 41 मिनिटं लागतात, पण जवळच्या चार्जरलाही वीज नसू शकते, हे धरून 20-25 टक्के जाण्यायेण्यापुरते राखा. ट्रक बाहेर असताना फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज चार तास टिकतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस.

---

मुळामुठा

थोडं विषयांतर. पुण्यात नेक्सॉन ईव्ही आहे, तिच्यातूनही बाहेर वीज देता येते. बंगल्याला थ्री-फेज कनेक्शन आहे. हेच सगळं इथे लागू होतं का?

---

रोहित्र

तत्त्व तेच, आकडे छोटे. तिची मर्यादा 3.3 केव्हीए, म्हणजे 230 व्होल्टला साधारण 14 अँपिअर. फ्रिज, पंखे, दिवे, वायफाय आरामात. गीझर किंवा इंडक्शन लावलं की मर्यादेजवळ जाल.

आवश्यक सर्किटांचा वेगळा छोटा डीबी (ब्रेकरांची पेटी) करा आणि त्याच्या आधी दोन पोलचा चेंजओव्हर, फेज आणि न्यूट्रल दोन्ही फिरवणारा. त्या डीबीचा न्यूट्रल घरातल्या इतर न्यूट्रलांना कुठेही जोडलेला नको, आणि त्याला स्वतःचा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा करंट पकडून वीज तोडणारा स्विच) हवा. तो टेस्टचं बटण दाबल्यावर गाडीच्या विजेवरही उडतो का, ते बघून घ्या.

थ्री-फेजचे तिन्ही फेज एकत्र करून गाडीला जोडायचे नाहीत. बोअरची थ्री-फेज मोटर त्यावर फिरणार नाही, नुसती तापून जळेल. आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर उजळवायचा प्रकार तर कुठेच नको, ना पुण्यात, ना केटीत. मेन उतरवायला एकदा विसरलात तर तुमची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून हजारो व्होल्टची होते आणि खांबावर चढलेल्या वायरमनला ती लाइन बंद आहे असंच वाटत असतं.

---

केटीवासी

ठरलं: तीन पोलचा स्विच, बारा सर्किटांचं छोटं पॅनेल, बाहेर एल14-30 इनलेट, वरच्या मजल्याच्या बेडरूमला इन्व्हर्टर स्प्लिट. फर्नेसचं सर्किट यादीत घातलं. झाकण उघडून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दोन ब्रेकरांना खरंच काळी-लाल एकाच पांढरीवर आहे आणि दांडे जोडलेले नाहीत. ती दोन्ही एकत्र हलवायला इलेक्ट्रिशियनला लिहून दिलं आहे. परमिटचा अर्ज तोच करतो आहे.

---

शीतल_छाया

स्प्लिट घेताना 120 की 240 व्होल्टचा ते आत्ताच ठरवा, छोट्या पॅनेलमध्ये एक जागा लागणार की दोन ते त्यावर अवलंबून आहे. 240 चा घेतलात तर दोन्ही लाइनवर भार सारखा पडेल.